बाईसाहेबांनी दिलेले गुण

सोमवार, २ फेब्रुवारी

ही डायरी ह्यांची. ऑफिसातून दरवर्षी मिळायची, निळ्या पुठ्ठ्याची, आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जायची असा माझा समज होता. आज कपाट आवरताना उघडली तर पहिली आठ पानं वापरलेली. वापरलेली म्हणजे प्रत्येक पानावर एकच आकडा. १ जानेवारीला ५. मग ३, ६, ०, ४, ५, ३. आठ तारखेला ८, आणि त्याखाली जोर देऊन मारलेली एक रेघ.

नऊ तारखेला सकाळी हे ऑफिसच्या जिन्यात बसले, ते उठले नाहीत.

लेक काल परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तू बोलत नाहीस. निदान मनात येईल ते लिहून काढ." पुढची पानं कोरी आहेत म्हणून यातच लिहिते.

आठ तारखेची संध्याकाळ लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. हे रोजच्याप्रमाणे सातला अडगळीच्या खोलीत जाऊन ट्रम्पेट वाजवत बसले. दार लोटलेलं. मला त्यातलं काही कळत नाही आणि मी कधी लक्षही दिलं नाही. रोज तीच एक सावकाश चाल, आणि तिसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथे तो रोज फाटायचा. त्या दिवशी फाटला नाही. मी भांडी विसळत होते. नळ बंद केला, संपलं की काय ते बघायला. संपलं नव्हतं. चौथी ओळही झाली, मग संपलं. हे बाहेर आले, पाणी प्यायले. मी म्हटलं, "वाढू?" हे म्हणाले, "वाढ."

एवढंच.

हे आकडे कसले ते कळत नाही. ह्यांना काही लिहून ठेवायची सवय नव्हती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

लेकीला ह्यांच्या जन्मदाखल्याची प्रत हवी होती. "बाबांच्या कॉम्प्युटरवर असेल बघ." त्या कॉम्प्युटरला मी कधी हात लावला नव्हता. सुरू केला तर समोर दाखला नाही, माणसांची गर्दीच उघडली. "हौशी ट्रम्पेटवाले" असं वर लिहिलेलं. सरावाचा एक भाग, वाद्याच्या दुरुस्तीचा एक, आणि सगळ्यात खाली "इकडचं तिकडचं" नावाचा एक. गर्दी त्यातच.

ह्यांचं तिथलं नाव बोळा. एकतीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. शेवटचं बोलणं जसंच्या तसं उतरवते.

उंट: बोळ्या, कुठे उलथलास? महिना होत आला.

डॉक्टर: ओठ सुजला असेल.

मावशी: पाणी पीत नाही, मग सुजणारच. सांगून सांगून जीभ झिजली.

उंट: मावशी, गावात पूर आला तरी तू म्हणशील पाणी प्या.

डॉक्टर: मला वाटतं बाईसाहेबांनी पुन्हा शून्य दिलं. तोंड लपवून बसलाय.

उंट: नाहीतर बाईसाहेबांनी पळवून नेलं असेल!

मी तीनदा वाचलं. कोण बाईसाहेब?

तेवढ्यात खाली नवीन ओळ आली. "अरे, हिरवा दिवा! बोळा आत आहे! पकडा, पकडा!" पाठोपाठ मावशीची. "बोळ्या, लपून काय वाचतोस चोरासारखा?"

मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. दाखला राहिला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कामावर लक्ष नव्हतं. माझं काम औषधांच्या बाटल्या तपासायचं. मागे पांढरा दिवा, पुढे पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या. बुडबुडा, चीर, वाकडं तोंड दिसलं की बाजूला काढायची. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, म्हटलं तरी चालेल. आज दोन चिरलेल्या बाटल्या पुढे गेल्या. माझ्यासमोर बसणारीने पकडल्या.

संध्याकाळी पुन्हा कॉम्प्युटर उघडला. हिरवा दिवा लागू नये म्हणून काय करायचं ते शोधलं, सापडलं. मग मागचं वाचलं. डिसेंबरातलं हे:

उंट: बोळ्या, आजचा निकाल?

बोळा: तीन. बाईसाहेबांनी दार लावून घेतलं.

मावशी: दार लावलं म्हणजे संबंध शिल्लक आहेत. आदळलं असतं तर काळजी.

बोळा: आदळलं नाही. हळूच लावलं. म्हणून तर तीन.

डॉक्टर: माझ्या घरात मला गुण देणारं एकच, ते म्हणजे कुत्रं. आणि ते रडतं.

उंट: डॉक्टर, तुझी नवी कवळी घालून वाजवतोस तेव्हा कुत्रंच काय, भिंतीलाही रडू येईल.

याच्या वर आणि खाली नुसता पाचकळपणा. कोणाच्या मिक्सरचा आवाज कुठल्या सुरात आहे. शिंक आली तर ती ट्रम्पेटमधून काढता येते का. डॉक्टर हा डॉक्टर नाहीच, घड्याळं दुरुस्त करतो. उंट शाळेत खेळ शिकवतो. दम मोठा म्हणून उंट. पन्नाशी-साठीची माणसं आणि बोलणं हे असं. घरात दिवसाला वीस शब्द बोलणारे हे तिथे पानंच्या पानं बोलत होते. विनोद करत होते. ह्यांचा एक विनोद वाचून मला हसू आलं, आणि मग राग आला.

गुण रोजचे. कधी चार, कधी सहा. म्हणजे डायरीतले आकडे हेच. ती बाई ह्यांना दहापैकी गुण देत होती.

कोणी म्हणेल, बायकोलाच म्हणत असतील बाईसाहेब. पण मी कधी गुण दिले नाहीत. ह्यांनी मला काही विचारलंही नाही. म्हणजे एकदा विचारलं होतं, अकरा-बारा वर्षांपूर्वी, वाद्य नवीन आणलं तेव्हा. "कसं वाटलं?" मी म्हटलं होतं, "शेजारी काय म्हणतील." त्यानंतर नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत समोरचीला विचारलं. स्वतःचं म्हणून नाही, एका ओळखीच्या बाईचं म्हणून.

ती म्हणाली, "उशिरा यायचा का घरी?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. तासभर."

"झालं तर मग! वार ठरलेले म्हणजे माणूस ठरलेलं."

"पण तो गेला आता."

"गेला म्हणून काय धुतल्या तांदळासारखा होतो? पुरुष आणि बाटली, उजेडासमोर धरेपर्यंत दोन्ही चांगल्याच दिसतात." मग माझ्याकडे बघून तिने डबा बंद केला. "अगं बाई. माझ्या तोंडाला काही कुलूप नाही. तू जेव."

तिला कळलं असावं.

हे मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचऐवजी साडेसहाला यायचे. विचारलं तर म्हणायचे, "जरा काम होतं." मी दुसऱ्यांदा विचारत नसे. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

रविवार, ८ फेब्रुवारी

हिशेब जुळत नाही. ४ जानेवारीला रविवार होता. त्या दिवशीही आकडा आहे, शून्य. पण त्या दिवशी हे घराबाहेर पडलेच नव्हते. आमच्याकडे पंखा दुरुस्त करणारा आला होता म्हणून पक्कं आठवतं. मग ती बाई शून्य कुठून देणार? फोनवरून?

ह्यांचं त्या दिवशीचं बोलणं शोधून काढलं. "शून्य. आज रेडिओ मोठा केला." त्यावर उंट: "बाईसाहेबांनी रेडिओचं शस्त्र काढलं! शहीद झालास." त्यावर हे: "चूक माझीच. भलत्या वेळी बसलो. त्यांचा आवडता कार्यक्रम होता."

म्हणजे तिच्याकडेही रेडिओ आहे. आणि तिला काय आवडतं ते ह्यांना माहीत होतं.

आमच्याकडचा रेडिओ मी महिनाभर लावलेला नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लेकीचा फोन. "ट्रम्पेटचं काय करायचं ठरवलंस? पडून राहून खराब होईल. कोणाला तरी देऊन टाकू या का?"

मी म्हटलं, "देऊन टाक. पेटीसकट उचल."

"अगं, एवढं तडकाफडकी? पेटी उघडून तरी बघितलीस?"

"मला नाही बघायची."

"आई, तू चिडली आहेस का बाबांवर?"

"मेलेल्या माणसावर कोण चिडतं?"

"खूप लोक चिडतात," ती म्हणाली. मी विषय बदलला. पुढच्या रविवारी येऊन नेते म्हणाली.

पेटी अडगळीच्या खोलीत स्टुलाखाली आहे. काळी, दोन खटक्यांची. केर काढताना मी तिच्या भोवतीने केरसुणी फिरवते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

त्या बाईचं नाव काढायचं होतं. विचारणार कोणाला? म्हणून बोळा होऊन मीच लिहिलं. "आलो. तब्येत बरी नव्हती. बाईसाहेबांनी माझी चौकशी केली का?" कोणीतरी उत्तरात नाव घेईल असं वाटलं.

घरात लग्न निघाल्यासारखा गोंधळ उडाला. उंटाने दहा वेळा "आला रे" लिहिलं. डॉक्टर म्हणाला कवळी काढून नाचतोय. मावशीने लिहिलं, "देवा, जीव भांड्यात पडला. आधी एक पेला पाणी पी, मग बोल."

मग उंट: "नियम म्हणजे नियम. रजेवरून आलेल्याने पहिला सूर किती सेकंद टिकला ते सांगायचं. खोटं बोलशील तर ओठ झडतील."

मला वाटलं, थोडं जास्तच सांगावं, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. लिहिलं, "दोन मिनिटं."

डॉक्टर: दोन मिनिटं?

उंट: बोळ्या, माझा उभ्या आयुष्यातला विक्रम अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे. आणि त्यानंतर मला धरून खुर्चीत बसवावं लागलं होतं.

डॉक्टर: महिन्याच्या सुट्टीनंतर बारा सेकंद निघाले तरी पेढे... जाऊ दे. दोन मिनिटं?

उंट: गाडीचा भोंगा वाजवलास का?

ते हसत होते. मी "हो" लिहिलं, खोडलं. हळूहळू हसणं थांबलं. मग डॉक्टर: "मंडळी, हा बोळा नाही."

मी बंद केलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मावशीचा निरोप आला. सगळ्यांसमोर नाही, खासगीत.

"नमस्कार. आपण कोण आहात ते विचारत नाही. बोळा ठीक आहे एवढंच सांगा. नसेल तरी सांगा. मला इथे मावशी म्हणतात, पण मी बसच्या कार्यशाळेत चाळीस वर्षं काढलेला म्हातारा आहे. सगळ्यांना पाणी प्या म्हणतो म्हणून ही पोरं मावशी म्हणतात. एक विनंती, वाद्याची पेटी बंद असेल तर कृपा करून एकदा उघडा. आतला ओलावा तसाच राहिला की आतून खराब होतं."

मी बारकाईने वाचलं. म्हातारा आहे असं कोणीही लिहू शकतं. मी नाही का बोळा म्हणून लिहिलं? आणि पेटीची एवढी काळजी का? आत काय आहे? पत्रं असतील. त्या बाईची. ती माझ्या हाती लागण्याआधी ओलाव्याचं निमित्त करून कोणीतरी... पण मग मलाच उघडा कशाला सांगेल? हे जुळत नाही.

उत्तर दिलं नाही. पेटीही उघडली नाही. पत्रं असतील तर ती माझ्या डोळ्यांनी वाचायची माझी तयारी नाही, हे खरं कारण.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून ह्यांच्या ऑफिसात गेले. पाणीपुरवठ्याच्या नकाशांच्या विभागात हे बसायचे. टेबलावर आता दुसरा माणूस आहे. शिपायाला विचारलं, "साहेब मंगळवारी, शुक्रवारी सुटल्यावर कुठे जायचे?"

त्याने जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "ते पंपघरात जायचे बाई. मागच्या आवारात."

पंपघर म्हणजे एक उंच खोली, मध्ये चार मोठे पंप, कानठळ्या बसतील असा आवाज. तिथला माणूस कानात कापूस घालून पेपर वाचत होता. मी ओरडून ओळख सांगितली. तो उठून उभा राहिला आणि मला बाहेर ओट्यावर घेऊन आला.

"साहेब इथे वाजवायचे," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. तासभर. बाजा लपवून आणायचे, पिशवीत."

"त्यांच्याबरोबर कोणी असायचं?"

"कोण असणार?"

"एखादी बाई?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई? वहिनी, या आवाजात इथे उंदीर टिकत नाहीत. मी सरकारी नोकर आहे म्हणून टिकलो."

"मग इथेच का वाजवायचे?"

"मीही विचारलं होतं. म्हटलं, साहेब, पंपाच्या आवाजात तुमचं तुम्हाला तरी ऐकू येतं का? तर म्हणाले, इथे चुकलं तर कोणाला कळत नाही. इथे बरोबर करून घेतो, मग घरी वाजवतो."

मी आभार मानले. येताना बसमध्ये विचार करत होते. ह्या माणसाला ह्यांनी पढवून ठेवलं असेल का? तसा वाटला नाही. पण त्याचं बोलणं पटत नाही. घरी वाजवण्यासाठी आधी तिकडे बरोबर कशाला करायचं? घरी ऐकणारं होतं कोण?

शनिवार, २१ फेब्रुवारी

उद्या लेक पेटी न्यायला येणार. म्हणून आज सकाळी उघडली. पत्रं असतील तर ती लेकीच्या हाती लागू नयेत, एवढाच विचार.

दोन्ही खटके सहज उघडले. पत्रं नव्हती. एक तेलाची बाटली, एक फडकं, एक छोटा ब्रश. आणि ट्रम्पेट. त्याच्या रुंद तोंडात काहीतरी खुपसलेलं होतं, विटकरी रंगाचं. ओढून काढलं.

माझ्या स्वेटरची बाही होती. कोपरापर्यंत कापलेली, टोकाला गाठ मारलेली. तो स्वेटर मी स्वतः विणला होता. बगलेत उसवला म्हणून दुरुस्तीला काढून ठेवला आणि मग मिळाला नाही. अकरा-बारा वर्षं झाली. तेव्हा मी धाकट्या जावेवर संशय घेतला होता. ती राहून गेली होती ना त्याच आठवड्यात. तिच्याशी मी दोन वर्षं धड बोलले नाही.

तर हा बोळा. आवाज दाबायला खुपसलेला. मी "शेजारी काय म्हणतील" म्हटलं त्याच सुमारास कापलेला असणार.

बाहीला धातूचा आणि तेलाचा वास येत होता. ती हातात धरून मी स्टुलावर बसले. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. वायसर गेलाय. बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं की या स्टुलावरून नळ किती स्पष्ट ऐकू येतो. कप ठेवल्याचा आवाजसुद्धा येत असेल. बाहेरचं दार, रेडिओ, माझा खोकला.

डायरी आणली. कॉम्प्युटर सुरू केला. शेजारी शेजारी ठेवून बघितलं.

२ जानेवारी, ३. "दार लावलं." त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.

३ जानेवारी, ६. "भांडी हळू ठेवत होत्या. शक्यतो न वाजवता."

४ जानेवारी, ०. तो माझा रेडिओ. माझा कार्यक्रम.

५ जानेवारी, ४. "दोनदा खोकल्या. पण खोकला खरा असावा, म्हणून कापलेला एक गुण परत घेतला."

आणि ८ जानेवारी. ही ओळ मी आधी वाचली नव्हती. त्या दिवसापर्यंत पोचलेच नव्हते, मागेच अडकले होते.

बोळा: मंडळी, आज नळ बंद झाला.

उंट: काय सांगतोस!

बोळा: तिसरी ओळ पार झाली आणि बाईसाहेबांनी नळ बंद केला. चौथी संपेपर्यंत बंदच. भांडी तशीच. आठ.

मावशी: आठ का, दहा घे की रे.

बोळा: नको. मनात नऊ आले होते. पण आपलेच आपण किती घ्यायचे? उद्या त्यांना विचारणार आहे. तोंडाने विचारणार आहे. बारा वर्षं झाली, आता विचारायला हरकत नाही.

उंट: बारा वर्षं कानोसा घेतलास, आता एक रात्र झोप घे.

पुढे ह्यांचं काही नाही. पुढे नऊ तारीख.

आज आणखी काही लिहीत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

लेक आली. पेटी नेऊ नको म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. वायसर बदलू का म्हणाली, तर तेही नको म्हटलं. मग धाकट्या जावेला फोन लावला. तिला आश्चर्य वाटलं. मी स्वेटरचं सांगितलं. ती एवढी हसली, एवढी हसली, आणि म्हणाली, "वहिनी, म्हणजे बारा वर्षं मी चोर होते होय!" मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

लेक गेल्यावर "इकडचं तिकडचं" मध्ये लिहिलं. दिवा हिरवा ठेवून.

"मी बोळ्याची बायको. बोळा ९ जानेवारीला गेले. हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. परवाचं दोन मिनिटांचं मी लिहिलं होतं. तुम्हाला फसवायचं नव्हतं, दुसरं काही शोधत होते. क्षमा असावी. नळ मीच बंद केला होता."

मग मावशी: "वहिनी." एवढंच. मग डॉक्टर: "मी दुकान बंद करतोय आजच्यापुरतं." उंटाने काहीच लिहिलं नाही. मला वाटलं राग आला असेल, माझ्या खोटेपणाचा. तासाभराने त्याचं आलं.

उंट: वहिनी, मी त्याला महिनाभर शिव्या घातल्या इथे. कुठे उलथलास म्हणालो.

मी लिहिलं: ते वाचून हसले असते.

उंट: तुम्हाला कसं माहीत?

मी: मागचं सगळं वाचलंय. तुमच्या भोंग्याच्या विनोदावर मीही नंतर हसले. त्या दिवशी नाही, नंतर.

मावशी: पेटी उघडलीत?

मी: उघडली. ओलावा पुसला. तुमच्यावर संशय घेतला होता.

मावशी: घ्यावा. पाणी प्यायलात का आज?

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मग येऊन लिहिलं, "प्यायले."

बुधवार, २५ फेब्रुवारी

त्यांच्यात एक रिवाज आहे म्हणे. कोणी कायमचं वाजवणं सोडलं, दात गेले, दम गेला, की बाकीचे एकाच वेळी आपापल्या घरून एकच सूर धरतात, श्वास संपेपर्यंत. फोनवर सगळे एकत्र. रविवारी सहाला ठरवलंय. उंट म्हणाला, सगळ्यांनी तोंडात बोळा खुपसून वाजवू, त्याची आठवण म्हणून.

मी लिहिलं, बोळा नको. मोठ्याने वाजवा.

डॉक्टर: वहिनी, तुमच्या शेजाऱ्यांचं काय?

मी: म्हणू देत काय म्हणायचं ते.

समोरचीला आज सगळं सांगितलं. एका ओळखीच्या बाईचं म्हणून नाही. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "मी वार ठरले तर माणूस ठरलं म्हटलं होतं. चुकले का?" मी म्हटलं, "नाही. माणूस ठरलेलंच होतं."

रविवार, १ मार्च

सहाला फोन ओट्यावर उभा करून ठेवला, आवाज पूर्ण. खिडकी उघडी ठेवली. हाताला काम नसलं की मला सुचत नाही, म्हणून नळ सोडून दोन कप विसळायला घेतले. फोनवर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. डॉक्टर त्याला दटावत होता. मावशींचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. खरोखरच म्हातारा माणूस आहे, घोगरा. उंटाने तीन म्हटलं आणि सूर लागला.

ह्यांच्या तिसऱ्या ओळीतला, फाटायचा तोच सूर त्यांनी निवडला होता. कोणी मला सांगितलं नव्हतं. मला ओळखू आला.

मी नळ बंद केला.

फोनमधून कोणाचा तरी सूर हसण्याने फुटला, मग दुसऱ्याचा. मावशी तेवढे टिकून राहिले, त्यांचा शेवटी हलला आणि थांबला. मग सगळे एकदम बोलायला लागले. "ऐकलंत? नळ! नळ बंद झाला!" उंट हसत होता की रडत होता ते सांगता येत नाही, मोठा दम असलेल्या माणसाचं दोन्ही सारखंच ऐकू येतं.

मावशी म्हणाले, "बाईसाहेब, निकाल?"

मी विचार केला. "सहा."

"सहा?" डॉक्टर ओरडला. "अहो, आम्ही जीव ओतला!"

"उंट आधीच सुटले. तुम्ही खालून धरलात. मावशींचा चांगला होता, पण शेवट हलला."

मग उंट म्हणाला, "बोळा खोटं सांगत नव्हता. परीक्षक कडक आहे." पुढच्या रविवारी पुन्हा वाजवतो म्हणाले, सुधारून. मी म्हटलं, सहाला वाजवा. साडेसहाला माझा कार्यक्रम असतो.

फोन बंद केल्यावर या पानावर ६ लिहिले. मग मागे जाऊन ८ जानेवारीचं पान काढलं. ह्यांचे आठ खोडले नाहीत. शेजारी माझ्या हाताने ९ लिहिले. दहा नाही. चौथ्या ओळीचा शेवटचा सूर ह्यांनी जरा लवकर सोडला होता.